माया

हवल्लीतल्या दुकानाची ही मापांची वही.
हिरवा पुठ्ठा, एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
उंची, छाती, कंबर, बाही, गळा.
आकडे मराठी आहेत, तुला लागणार नाहीत.
दाभोळच्या शाळेत मला तेवढेच आले.

तुझा टेप ठेव इथे, बॉबिनच्या डब्याशेजारी.
मीही जन्मभर टेप घेऊनच बसले,
फक्त माझी बोलत नाही.

त्या सात महिन्यांत काय पाहिलं, विचारतेस.
पान उलट.

मूदी. जुलै. छाती छत्तीस, कंबर तीस.
गळा खोल, पाठीला नाडी, नणंदेचं लग्न, बुधवारी हवा.
बुधवारी दिला.
गुरुवारी पहाटे रस्त्यावर रणगाडे.

मूदी. मार्च. कंबर चोवीस.
गळा बंद, बाही मनगटाखाली दोन बोटं.
तेलाच्या धुरानं दुपारी दोनला
दिवा लावून सुईत दोरा ओवायचे मी तेव्हा.
हात लावू नकोस, म्हणाली.
मी टेप फरशीवर ठेवली.
तिनं स्वतःच स्वतःला मोजलं, आरशाकडे पाठ करून.
आकडा चुकला होता. मी तसाच शिवला.

आमची फुफी शिकवायची,
कापड कापताना अर्धा इंच माया सोड गं खैरून,
बाई आहे, भरेल, सुटेल, पोटाशी राहील,
शिवण उसवून पुन्हा अंगात येईल.
मूदी म्हणाली, आतली ती पट्टी कापून टाक.
मला पुन्हा मोठं व्हायचं नाही.

कापली.
पहिल्यांदाच. हात थरथरला म्हणून कड वाकडी गेली.

पुढचं पान सोमावतीचं, वरच्या मजल्यावर कामाला होती.
मालक उन्हाळ्याला लंडनला, ती घर राखायला, बाहेरून कुलूप.
शिपाई टीव्ही न्यायला आले, एवढंच सांगायची.
टीव्ही किती इंची होता, तेही सांगायची.
पेटीवर दुधाच्या पावडरचा डबा होता, तो सांडला नाही, तेही.
माप असं तिचं घेतलंच नाही.
लिहिलंय ते वाचते: कात्री एक, मोठी, सोमावतीकडे.
परत आली नाही. कात्रीही आणि तीही.

आता हे नीट ऐक,
कारण हे झेंडे लागल्यानंतरचं पान आहे,
गाड्यांचे भोंगे रात्रभर वाजले त्याच्या नंतरचं.
इब्तिसाम. शाळेत गणित शिकवायची,
माझ्या बिलांची बेरीज तपासून द्यायची.
इथेच जन्मलेली, पण पॅलेस्टिनी.
दंडाला पट्ट्या बांधलेली पोरं आली, भावाला घेऊन गेली,
मग त्याची चौकशी म्हणून तिला.
तिच्याच वर्गातली होती त्यातली दोन.
जूनमध्ये कोट शिवायला टाकला, अम्मानला जायचं म्हणून.
आतून एक खिसा हवा.
केवढा?
मुठीएवढा.

टेप बंद केलास?

असू दे. तुझ्याही घरात कुणाच्या दंडाला असेल तसली पट्टी.
मी काही नाव लिहिलेलं नाही.
कोट त्या कपाटात आहे.
दर हिवाळ्यात ऊन दाखवते, खिशात हात घालून बघते,
कसर लागलेली नाही अजून.

चहा घे. साखर मी कमी घालते.

नाही, ती दोन पानं राहू देत.
एकमेकांना शिवलेली आहेत, बारीक बखिया,
सुईला कागद जड जातो, बोटं सोलली होती माझी.
कुणाचं माप, विचारू नकोस.
दुकानात त्या दिवसांत राहत कोण होतं,
शटरच्या आत, कापडाच्या ताग्यांमागे,
तेवढं तुझं तू मोज.

पण कडेला बोट फिरवून बघ.
टाका अगदी टोकावर घातलेला नाही.
अर्धा इंच सोडलाय.